वेड पांघरून पेडगावला? : असत्याचे समर्थन आणि उमरीचा हिशेब

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ठाऊक असून ठाऊक नसल्याचे सोंग घ्यायचे आणि त्या सोंगाआडून आपला कार्यभाग साधायचा, असा त्याचा आशय. यातले पेडगाव म्हणजे श्रीगोंदा तालुक्यातील, भीमेकाठचे, बहादूरगडाचे पेडगाव असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेथील मोगली छावणीची एक आख्यायिकाही सांगितली जाते. मराठ्यांच्या एका लहान तुकडीने हूल देऊन बहादूरखानाची फौज छावणीबाहेर काढली, ती पाठलाग करीत दूर गेली आणि मागे दबा धरून बसलेल्या मुख्य सैन्याने छावणी लुटून नेली. आख्यायिकेची ऐतिहासिकता येथे बाजूला ठेवू. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वाक्प्रचार वापरताना आपल्या स्वरात उपहास असतो आणि आख्यायिका सांगताना अभिमान. शेजाऱ्याने केले की लबाडी, आणि शिवाजी महाराजांच्या सैन्याने केले की गनिमी कावा. एकाच प्रकारच्या कृतीला आपण दोन नावे कशाच्या आधारे देतो, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

मराठवाड्यातही एक पेडगाव आहे. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे छोटेसे स्थानक. वाक्प्रचाराशी त्याचा संबंध केवळ नामसाम्याचा. परंतु आमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होते. येथून त्याच रुळांवरून पूर्वेकडे निघाले की परभणी, पूर्णा, नांदेड, मुदखेड ही स्थानके ओलांडून उमरी लागते. ३० जानेवारी १९४८ रोजी या उमरीत जे घडले त्याला कायद्याच्या भाषेत दरोडा म्हणतात आणि मराठवाड्याच्या इतिहासात पराक्रम म्हणतात. अप्रामाणिक कृतीचे नैतिक समर्थन होऊ शकते काय, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा परदेशी उदाहरणांवर होते. अस्तित्ववाद्यांनी तो प्रश्न ज्या तीव्रतेने मांडला, त्या तीव्रतेचे उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावर असताना दूर जाण्याचे कारण नाही.

प्रथम परिस्थिती. आसफजाही राजवटीत सभा-संमेलनांवर पूर्वपरवानगीचे बंधन घालणारे 'गश्ती निशाण ५३' नावाचे फर्मान होते. राजकारण हा शब्द उच्चारणेच धोक्याचे असल्यामुळे राजकारण दुसऱ्या नावाने करावे लागे. वाचनालये, खाजगी शाळा, गणेशोत्सवातले मेळे, व्याख्यानमाला यांतून माणसे जमत आणि घडत. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यातच होते. परिषदेचे रूप सामाजिक-शैक्षणिक होते. तिच्या पोटात काय आहे हे जमलेल्यांनाही ठाऊक होते आणि पाळत ठेवणाऱ्यांनाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. मराठवाड्यात मराठी भाषा आणि साहित्य यांचे काम हे काही काळ तरी पांघरलेले वेडच होते. आज आपण ज्या संस्थांच्या व्यासपीठांवरून सत्याविषयी बोलतो, त्यांतल्या काहींच्या पायात असे एक सोंग आहे.

१९३८ मध्ये हे सोंग काही काळ गळून पडले. स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेपूर्वीच बंदी आली आणि सत्याग्रह उघडपणे सुरू झाला. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क सोडण्याचे नाकारून शिक्षणावर पाणी सोडले. सत्याग्रहाची नीती सरळ असते : जे करायचे ते सांगून करायचे आणि शिक्षा भोगायची. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यासी होते, गांधीजींना मानणारे होते. गांधीजींचे गुप्ततेविषयीचे मतही प्रसिद्ध होते. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी बेचाळीसच्या भूमिगत कार्यकर्त्यांना प्रकट होण्याचा सल्ला दिला होता.

परंतु १९४७ च्या उत्तरार्धात हैदराबादेत चित्र पालटले. भारत स्वतंत्र झाला आणि संस्थान भारताबाहेर राहिले. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे कराराने केवळ वेळ मिळाला. कासीम रझवीच्या रझाकारांची दहशत गावोगाव पसरली. बिलोली भागातील गोविंदराव पानसरे यांची हत्या तर त्याआधीच, १९४६ मध्ये झाली होती. संस्थानाच्या सीमेलगत भारतीय प्रदेशात लढ्याची केंद्रे उभी राहिली. कार्यकर्ते नावे बदलून वावरू लागले, शस्त्रे लपवून आणू लागले, करोडगिरीची नाकी जाळू लागले. स्वामीजी २६ जानेवारी १९४८ पासून पुन्हा तुरुंगात होते. त्यानंतर चौथ्या दिवशी उमरखेडच्या केंद्रावरील कार्यकर्त्यांनी उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घातला आणि सुमारे वीस लाख रुपये नेले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. गुप्ततेला दोष मानणारा माणूस गेला त्याच दिवशी त्याला मानणाऱ्या चळवळीने आपली सर्वांत मोठी गुप्त कृती केली, हा योगायोग आहे आणि त्याला योगायोगाहून अधिक अर्थ देऊ नये. पण प्रश्न मात्र त्यामुळे अधिक टोकदार होतो.

या प्रश्नाची दोन जुनी उत्तरे आपल्या परिचयाची आहेत. एक कांटचे. १७९७ च्या एका छोट्या निबंधात त्याने असे प्रतिपादन केले की, खुनी माणूस दारात येऊन तुमच्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला तरी खोटे बोलण्याचा अधिकार तुम्हांला नाही. कारण एका असत्याने सर्व शब्दांचीच पत जाते. दुसरे उत्तर महाभारताच्या कर्णपर्वातले, आणि ते कांटच्या नेमके विरुद्ध. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिक नावाच्या तपस्व्याला दरोडेखोर विचारतात, माणसे कोणत्या वाटेने पळाली? कौशिक खरे सांगतो, माणसे मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. कृष्णाने ही कथा अर्जुनाला सांगितली आहे. कांट नियमाकडे पाहतो, कृष्ण परिणामाकडे. दोघांमध्ये एक साम्य मात्र आहे. दोघांच्याही मते योग्य उत्तर आधीच कुठेतरी आहे. आपण ते फक्त ओळखायचे.

अस्तित्ववाद नेमका येथे वेगळा होतो. असे उत्तर आधी कुठेही लिहून ठेवलेले नाही, ही त्याची पहिली प्रतिज्ञा. १९४५ मध्ये पॅरिसला दिलेल्या आणि पुढच्या वर्षी ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानात सार्त्रने आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली आहे. आईजवळ राहायचे की जर्मनांविरुद्ध लढायला जायचे, हा त्याचा पेच. कोणताही धर्मग्रंथ, कोणतेही तत्त्वज्ञान त्याला उत्तर देऊ शकत नव्हते. त्याला स्वतःच निवड करावी लागणार होती. पण यातून 'काहीही चालेल' असा निष्कर्ष निघत नाही. उलट, माणूस निवडतो तेव्हा तो सर्वांसाठी निवडतो, असे सार्त्र म्हणतो. खोटे बोलणारा आणि 'सगळेच काही असे करणार नाहीत' अशी स्वतःची समजूत घालणारा माणूस म्हणूनच त्याला संशयास्पद वाटतो.

याहून महत्त्वाचा भेद सार्त्रने १९४३ च्या आपल्या मुख्य ग्रंथात केला आहे. असत्य आणि आत्मवंचना यांतला हा भेद. खोटे बोलणाऱ्याला सत्य माहीत असते. तो ते दुसऱ्यापासून लपवतो, स्वतःपासून नाही. आत्मवंचनेत फसवणारा आणि फसणारा एकच असतो. आपण केलेली निवड ही निवड नव्हतीच, परिस्थितीच तशी होती, माझे कामच ते होते, असे तो स्वतःला पटवतो आणि आपल्या स्वातंत्र्यातून सुटका करून घेतो. खोटे बोलणाऱ्याच्या हातून दुसऱ्यावर अन्याय होतो आणि त्याबद्दल त्याला जाब विचारता येतो. आत्मवंचना करणाऱ्याला जाब विचारायला जागेवर कोणी उरतच नाही.

हा भेद हाती घेऊन आपल्या ओळखीचा एक प्रसंग पाहावा. अश्वत्थामा मेल्याची वार्ता द्रोणाला द्यायची असते. भीम एक हत्ती मारतो आणि उघड उघड खोटे ओरडतो. युधिष्ठिर मात्र अर्धे वाक्य मोठ्याने आणि अर्धे पुटपुटत बोलतो. त्याला असत्याचा लाभही हवा असतो आणि सत्यवादी म्हणवून घेणारी जीभही हवी असते. परंपरेने जमिनीपासून वर चालणारा रथ खाली आणला तो युधिष्ठिराचा. आमच्या मते अस्तित्ववादी वाचकाचा निर्णयही हाच होईल. भीम खोटे बोलला आणि खोटारडेपणा त्याने अंगावर घेतला. युधिष्ठिराने शब्दांची अशी रचना केली की ती कृती कोणाचीच राहू नये.

सार्त्रच्या 'भिंत' या कथेतही एक असत्य आहे. स्पेनच्या यादवीत मृत्युदंडाची वाट पाहणारा पाब्लो शत्रूची थट्टा करायची म्हणून आपला साथीदार स्मशानात लपला आहे असे खोटेच सांगतो, आणि तो साथीदार खरोखरच तेथे सापडतो व मारला जातो. असत्याचे परिणाम बोलणाऱ्याच्या ताब्यात नसतात, हे ही कथा दाखवते. परिणामांच्या बळावर असत्याचे समर्थन करणाऱ्या कृष्णनीतीलाही ती धक्का देते. परंतु उमरीच्या संदर्भात आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते सार्त्रचे 'मळके हात' हे नाटक. ते पॅरिसच्या रंगभूमीवर आले एप्रिल १९४८ मध्ये, उमरीच्या छाप्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांनी. त्यातला एडरेर हा मुरब्बी पुढारी गरज पडली तर खोटे बोलायला कचरत नाही. हात मळल्याशिवाय राज्य करता येत नाही असे त्याचे मत. ह्यूगो हा तरुण आदर्शवादी; पक्षाच्या आदेशावरून तो एडरेरला ठार करायला येतो. अखेर तो गोळी झाडतो, पण ती तत्त्वासाठी की मत्सरापोटी हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. तुरुंगातून सुटून येतो तो पक्षाचे धोरण बदललेले असते. एडरेरचीच भूमिका आता पक्षाची अधिकृत भूमिका झालेली असते. ह्यूगोला सुचवले जाते : तो खून राजकीय नव्हताच असे मान्य कर, सगळे विसर, आणि जगत राहा. ह्यूगो नकार देतो आणि मृत्यू पत्करतो.

या नाटकाची चर्चा सहसा एडरेर बरोबर की ह्यूगो, अशी होते. आमच्या मते नाटकाचा खरा प्रश्न शेवटच्या प्रवेशात आहे. हात मळणे कदाचित अटळ असेल; पण मळलेले हात नंतर कोणी धुऊन द्यायला आले तर ते पुढे करायचे का? ह्यूगोचा नकार हा आपल्या कृतीचे स्वामित्व सोडण्याला दिलेला नकार आहे.

आता उमरीकडे परतू. मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत या छाप्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते : लुटीच्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि मुक्तीनंतर तो सादर करण्यात आला. दरोडेखोराने वही ठेवावी, ही गोष्ट वरवर पाहता हास्यास्पद वाटेल. आमच्या मते त्या कृतीचे नैतिक सार या वहीत आहे. वही ठेवणारा माणूस असे म्हणत असतो की, मी जे केले ते काय आहे हे मला ठाऊक आहे. निजामाच्या पहारेकऱ्यांपासून मी ते लपवीन, पण स्वतःपासून, सोबत्यांपासून आणि उद्या येणाऱ्या न्याय्य सत्तेपासून लपवणार नाही. 'सरकारचा पैसा म्हणजे आपलाच पैसा' अशी सोयीस्कर समजूत त्याला करून घेता आली असती. ती केली असती तर वहीची गरज उरली नसती.

मात्र एवढ्याने समर्थन पुरे होते काय? होत नाही. केवळ निष्ठा हा निकष मानला तर रझाकारांतही मनापासून लढणारे होतेच. येथे सिमोन द बोव्हुआर उपयोगी पडते. 'संदिग्धतेचे नीतिशास्त्र' या १९४७ च्या ग्रंथात तिने स्वातंत्र्याला दुसऱ्याशी जोडले : स्वतःचे स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने हवे असणाऱ्याला इतरांचेही स्वातंत्र्य हवे असावे लागते. जुलमी सत्तेविरुद्ध लढताना सर्वांच्या स्वातंत्र्याचा सारखाच मान राखता येत नाही, हे ती मान्य करते. पण साध्य कितीही थोर असले तरी ज्याचा बळी गेला त्याचे नुकसान त्याने पुसले जात नाही, असेही बजावते. म्हणजे अप्रामाणिक कृतीला दोन प्रश्न विचारावे लागतात. करणाऱ्याने ती आपली म्हणून अंगावर घेतली काय? आणि तिच्यामुळे इतरांसाठी बोलण्याची, जगण्याची वाट मोकळी झाली की बंद? ज्या राज्यात सभेला परवानगी लागते तेथे सत्याची वाट सत्तेनेच अडवलेली असते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने उघड लिहिले म्हणून त्यांची हत्या झाली. त्यांनी कोणतेही सोंग घेतले नाही. उमरीच्या छाप्याचे समर्थन करताना हे नाव विसरू नये. असत्याशिवाय दुसरा मार्गच नव्हता, हे वाक्य त्यांच्यामुळे सरसकट म्हणता येत नाही. मार्ग होता; त्याची किंमत मृत्यू होती. म्हणून दुसरा मार्ग निवडणाऱ्याने 'मी निवडला' असेच म्हणावे, 'मला निवडावा लागला' असे नव्हे.

आणि आता मराठवाड्याच्या दुसऱ्या हिशेबाविषयी. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात पोलीस ॲक्शन झाली आणि संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतरच्या दिवसांत संस्थानातील अनेक भागांत मुस्लिमांवर सूड उगवला गेला. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती पाठवली. समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये दौरा करून जो अहवाल दिला, त्यात मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा होता. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावे होती. उमरी नांदेड जिल्ह्यातच आहे. रझाकारांच्या अत्याचारांची नोंदही समितीने घेतली होती आणि हिंदूंनी आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवल्याची उदाहरणेही नोंदवली होती. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्यातील मजकूर तुकड्यातुकड्याने बाहेर येत गेला आणि २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या ग्रंथात तो छापला गेला.

या एका अहवालाभोवती असत्याचे दोन अगदी भिन्न प्रकार दिसतात. ज्याने शेजाऱ्याला घरात लपवले, त्याला दारात आलेल्या जमावाला 'इथे कोणी नाही' असे सांगावेच लागले असणार. कांटचा खुनी येथे प्रत्यक्ष उंबरठ्यावर उभा होता. त्या घरधन्याने कर्णपर्व आठवले नसेल, सार्त्र तर त्याच्या कानावरही आला नसेल. पण तो खोटे बोलला ते जिवाची जोखीम स्वतःवर घेऊन, आणि त्याच्या असत्यामुळे दुसऱ्या माणसाचे जगणे शक्य झाले. अप्रामाणिक कृतीचे याहून स्वच्छ समर्थन आम्हांला ठाऊक नाही. दुसरे असत्य मौनाचे. अहवाल दडपण्यामागे शांतता टिकवण्याचा हेतू होता असे समजून घेता येईल. १९४८-४९ मध्ये फाळणीच्या जखमा ओल्या होत्या आणि काही महिने मौन पाळण्याला अर्थ होता. परंतु महिन्यांची वर्षे झाली, वर्षांची दशके झाली. कोणी एकाने उभे राहून 'हे मी लपवतो आहे, अमुक कारणासाठी आणि अमुक काळापर्यंत' असे म्हटले नाही. ज्या मौनाला स्वामी नाही आणि मुदत नाही, ते हळूहळू ज्यांच्यापासून लपवायचे त्यांच्यापुरते राहत नाही. लपवणाऱ्यांनाही आपण काही लपवले होते याचा विसर पडतो. असत्याचे आत्मवंचनेत रूपांतर होते ते असे.

येथे एक आक्षेप संभवतो : मुक्तिसंग्रामाच्या गौरवात हा विषय कशाला? हैदराबादचा लढा जुलमी राजवटीविरुद्धचा होता आणि तो न्याय्य होता, याबद्दल आम्हांला शंका नाही. उलट, ज्या चळवळीने वीस लाख रुपयांचा हिशेब देणे आपले कर्तव्य मानले, तिच्या वारशाकडूनच माणसांच्या हिशेबाची अपेक्षा करता येते. लढ्याने स्वतःच घालून दिलेल्या मापाने पुढचा इतिहास मोजला, तर त्यात लढ्याचा अपमान होत नाही. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांत उमरीची वही असते. सुंदरलाल समितीची क्वचितच असते.

तेव्हा अप्रामाणिक कृती नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरू शकते काय? अस्तित्ववादाच्या बाजूने आमचे उत्तर होकारार्थी आहे, पण ते समर्थन आगाऊ मिळत नाही आणि कायमचेही मिळत नाही. ते कृतीनंतर, हिशेब देत देत टिकवावे लागते. हिशेब थांबला की समर्थनही थांबते. विद्यार्थी जेव्हा 'मळके हात' वाचून ह्यूगो उगाच मेला असे म्हणतात, तेव्हा त्यांना उमरीच्या वहीविषयी सांगावे, आणि लगेच दुसऱ्या, न उघडलेल्या वहीविषयीही. कोणत्या कृती आपल्या प्रदेशाने आपल्या म्हणून सांगितल्या आणि कोणत्या बाबतीत वेड पांघरले, हे विचारण्याचे काम इतिहासाच्या वर्गाइतकेच साहित्याच्या वर्गाचेही आहे.